घडीच्या खुर्च्या

एप्रिल लागला की इथे नॉर्थ कॅरोलायनात पाइनच्या झाडांचा पिवळा पराग सगळ्यावर बसतो. गाडीच्या काचेवर, टपालपेटीवर, अंगणात विसरलेल्या चपलांवर. त्या संध्याकाळी हायस्कूलच्या बेसबॉल मैदानावर, होम प्लेटमागच्या जाळीला लागून पंधरा-वीस घडीच्या खुर्च्यांची रांग होती आणि त्यांच्या पाठींवरही तो पिवळेपणा होता. खुर्च्यांत बसलेले लोक वेगवेगळ्या व्यावसायिक क्लबांचे स्काउट, म्हणजे नवे खेळाडू हेरणारे. जवळजवळ प्रत्येकाच्या हातात रडार गन, गळ्यात स्टॉपवॉच, मांडीवर वही नाहीतर टॅबलेट. शाळेचा पहिला पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, जुलैच्या ड्राफ्टमध्ये, क्लब आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, वरच्या फेरीत जाणार अशी बोलवा होती, आणि ही सगळी मंडळी त्याच्यासाठी आलेली. त्याने चेंडू सोडला की सगळ्या गन एकदम वर व्हायच्या, मग सगळ्या माना एकदम खाली. पाच इनिंग हे असं चाललं. मग चेंडूंची मर्यादा जवळ आली म्हणून कोचने त्याला बाहेर काढलं आणि बुलपेनमधून, राखीव पिचरांच्या जागेतून, आमच्या शेजारचा मुलगा धावत आला. सामना 2-2 असा बरोबरीत होता. तो माउंडवर सरावाचे चेंडू टाकत होता तेवढ्यात खुर्च्या मिटायला लागल्या. एक, दोन, मग सगळ्याच. पत्र्याच्या नळ्या एकमेकींवर आपटल्याचा आवाज शांत मैदानावर मोठा येतो. त्याने चेंडू हातात धरून त्या दिशेला पाहिलं, टोपी काढून परत घातली आणि कॅचरकडे वळला.

त्याची आई माझ्या शेजारी बसली होती. तिने सूर्यफुलाच्या बियांची पिशवी माझ्यापुढे धरली. दोघी काही बोललो नाही.

मला राग आला होता, पण तो धरायचा कुणावर? त्यातल्या एका वयस्कर स्काउटशी आधीच्या एका सामन्यात लिंबू सरबताच्या रांगेत माझं बोलणं झालं होतं. दोन्ही कॅरोलायना त्याच्या वाट्याला. फेब्रुवारीपासून जूनपर्यंत दुपारी एका गावात, रात्री दुसऱ्या. पाऊस आला की आखलेला सगळा आठवडा कोलमडतो, कारण अमुक पिचर अमुक दिवशीच टाकणार असतो आणि तो दिवस हुकला की तो मुलगा पुन्हा आठवड्याने. माझी उत्सुकता बघून त्याने स्टॉपवॉच माझ्या तळहातावर ठेवलं. बॅटला चेंडू लागल्याचा आवाज आला की दाबायचं, पाय पहिल्या बेसवर पडला की पुन्हा दाबायचं. उजव्या हाताने खेळणाऱ्याला 4.3 सेकंद, डावखुऱ्याला 4.2, म्हणजे मेजर लीगच्या, इथल्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉलच्या, हिशेबाने सरासरी धाव. प्रेक्षक ज्या साध्या ग्राउंडरवर, जमिनीवरून जाणाऱ्या फटक्यावर, हळहळतात, त्याच चेंडूवर हा माणूस सगळ्यात जास्त सावध असतो, कारण आउट होणार हे माहीत असताना पोरगा जीव तोडून पळतो का, हे तिथेच कळतं. कॅचरचंही तसंच. चेंडू मिटमध्ये, त्याच्या हातमोज्यात, पडल्यापासून दुसऱ्या बेसवरच्या खेळाडूच्या हातात जाईपर्यंत दोन सेकंद. त्या दोन सेकंदांत पाय कसे हलले, चेंडू मिटमधून हातात किती सहज आला, हे तो मला बोटांनी करून दाखवत होता. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाची बोटं ती, पण त्यांत विलक्षण चपळाई होती. मैदानावर एकाने जोरात फटका मारला तेव्हा त्याने वळूनही पाहिलं नाही. आवाजावरूनच म्हणाला, "बॅटच्या टोकाला लागला." शाळेतल्या बॅट धातूच्या असतात. त्यांच्या टणत्कारातूनही खरा फटका ओळखू येणं ही वेगळीच विद्या आहे. बक ओ'नील नावाचे एक थोर स्काउट होऊन गेले. ते सांगायचे की बॅटचा एक विशिष्ट आवाज त्यांनी आयुष्यात फक्त तीन माणसांकडून ऐकला. लहानपणी बेब रूथकडून, मग जॉश गिब्सनकडून, आणि म्हातारपणी, 1986 मध्ये, बो जॅक्सनकडून. मधली कितीतरी वर्षं हा माणूस कान देऊन तो आवाज पुन्हा यायची वाट बघत होता, हे मनात आलं की माझ्या अंगावर अजून काटा येतो.

या लोकांची गुणपद्धत 20 ते 80 अशी आहे. फटका मारणं, फटक्यातली ताकद, धाव, फेकीचा हात आणि क्षेत्ररक्षण अशा पाच अंगांना वेगवेगळे गुण, आणि प्रत्येक अंगाला दोन आकडे. एक आजचा, एक पुढचा. 50 म्हणजे मेजर लीगमधला सरासरी खेळाडू. आपण पंचाण्णव टक्क्यांच्या घरातली माणसं, आपल्याला 50 ऐकलं की पोरगं नापास होता होता वाचलं असं वाटतं. पण ज्या मुलाच्या नावापुढे, पुढच्या रकान्यात का होईना, एखाद्या खऱ्या स्काउटने 50 लिहिलेत, तो मुलगा त्या राज्यातल्या हजारो मुलांत उठून दिसलेला असतो. सतरा वर्षांच्या मुलाला आजच्या रकान्यात बहुधा 30, 35 मिळतात. म्हणजे सगळी मदार दुसऱ्या रकान्यावर. हे खांदे अजून रुंद होतील का? मनगट अजून भरेल का? याचे वडील केवढे आहेत, आई केवढी आहे? स्काउट आईबापांकडे बघतात ते उगाच नाही. आणि आकड्यांच्या खाली एक मोकळी जागा असते. तिथे मुलाचा स्वभाव लिहायचा. तीन वेळा स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन बाद, झाल्यावर हेल्मेट आपटलं का, चूक केलेल्या शॉर्टस्टॉपकडे, दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाकडे, त्याने कसं पाहिलं, घरी परिस्थिती काय आहे, पैसे किती मागेल, कॉलेजला जायचा हट्ट धरेल का. मला या कामातलं सगळ्यात अवघड हेच वाटतं. घोडा पळवून बघता येतो. मुलगा पाच वर्षांनी एकटा, हरलेला, लांबच्या गावातल्या स्वस्त खोलीत कसा वागेल, हे आज दुपारी चारच्या उन्हात कसं बघायचं?

आमच्या रॅले शहरातलंच उदाहरण आहे. अ‍ॅथेन्स ड्राइव्ह हायस्कूलचा जॉश हॅमिल्टन. 1999 च्या ड्राफ्टमध्ये टॅम्पा बे क्लबने त्याला देशात पहिला उचलला, जवळपास 40 लाख डॉलर देऊन. पाचही अंगांनी परिपूर्ण, शिवाय डाव्या हाताने पिचिंगही जबरदस्त. सामन्याआधी आईचा आणि आजीचा मुका घेणारा मुलगा म्हणून गावात प्रसिद्ध. स्वभावाच्या रकान्यात कुणाला शंका घ्यायला जागाच नव्हती. मग 2001 मध्ये गाडीचा अपघात, दुखापत, रिकामे दिवस, दारू आणि कोकेन. कित्येक मोसम तो खेळाबाहेर होता. लोकांनी त्याचं नाव काढणं सोडून दिलं होतं, तेव्हा तो परत आला आणि 2010 मध्ये टेक्सासकडून खेळताना अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. आता सांगा, 1999 मध्ये ज्यांनी त्याचं भविष्य मांडलं ते बरोबर होते की चूक? मला या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही, आणि द्यावंसंही वाटत नाही.

पण त्याच ड्राफ्टमधली, त्याच क्लबची दुसरी गोष्ट मला जास्त छळते. टॅम्पा बेचा फर्नांडो अरांगो नावाचा एक स्काउट होता. त्याने मिझुरीतल्या मेपल वुड्स या दोन वर्षांच्या छोट्या कॉलेजात एक मुलगा पाहिला. डॉमिनिकन रिपब्लिकमधून सोळाव्या वर्षाच्या आसपास आलेला, अंगाने थोराड. हा खरंच एवढ्याच वयाचा आहे का, मैदानात कुठल्या जागेवर उभा राहील, शरीर सुटेल का, अशा शंका सगळ्यांना होत्या. अरांगोने आपल्या क्लबकडे त्याच्यासाठी मनापासून शब्द टाकला. क्लबने मुलाला चाचणीलाही बोलावलं. पण ड्राफ्टच्या दिवशी एकामागून एक फेऱ्या गेल्या आणि टॅम्पा बेने त्याचं नाव घेतलं नाही. तेराव्या फेरीत, 402 व्या क्रमांकावर सेंट लुइसने त्याला घेतला. आधी देऊ केलेले 10 हजार डॉलर त्याने नाकारले, उन्हाळाभर खेळून दाखवलं आणि 60 हजारांवर सही केली. तो अल्बर्ट पुहोल्स. दोनच वर्षांत मेजर लीगमधला सर्वोत्तम नवोदित, पुढे तीनदा सर्वोत्तम खेळाडू, कारकिर्दीत 703 होमरन. आणि अरांगो? त्याने ड्राफ्टनंतर टॅम्पा बेची नोकरी सोडली. मुलगा काय निघणार हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं, हे इथे लक्षात घ्यायला हवं. पुहोल्सने अजून व्यावसायिक सामन्यातला एक चेंडूही खेळला नव्हता. हा माणूस आपण जे पाहिलं ते पाहिलं, एवढ्यावर पगार सोडून उठला. माझ्या लेखी या सबंध धंद्यात याहून मोठी गोष्ट घडलेली नाही.

उन्हाळ्यात आम्ही कधी कधी बोफर्टला समुद्रावर जातो. हायवे 70 ने पूर्वेकडे गेलं की पाइनची रानं विरळ होतात, खाडीचा वास यायला लागतो, रस्त्याकडेला कोळंबी आणि खेकड्यांच्या पाट्या दिसतात. ब्रायन टेलर इथला. वडील गवंडी, आई खेकड्यांचं मांस काढण्याच्या कारखान्यात. 1991 च्या ड्राफ्टमध्ये न्यूयॉर्क यांकीजने त्याला पहिला घेतला. डाव्या हाताने शंभर मैलांच्या आसपास चेंडू टाकणारा एकोणीस वर्षांचा मुलगा. क्लबचा पहिला देकार 3 लाखांचा होता. त्याची आई ठाम बसून राहिली. आदल्या वर्षीच्या गोऱ्या पिचरला किती मिळाले ते तिला ठाऊक होतं. अखेर 15 लाख 50 हजारांवर सही झाली. 1993 च्या डिसेंबरात गावातल्या एका भांडणात भावाच्या बाजूने गेला आणि त्याच डाव्या खांद्यावर पडला. खांदा फाटला. मेजर लीगमध्ये तो एकदाही खेळला नाही. कुठल्याही अहवालात ही ओळ लिहिता आली नसती. भावासाठी धावून जाणारा मुलगा हा तर स्वभावाच्या रकान्यात गुणच मिळवून गेला असता.

माझा दादा ऑफस्पिन टाकायचा. आम्ही दादरला राहायचो. निवड चाचणीच्या दिवशी आई पहाटे उठून त्याचे पांढरे कपडे निळीत घालून इस्त्री करायची आणि तो सकाळी आठपासून मैदानावर पाठीला कागदी नंबर लावून उभा असायचा. शे-दोनशे मुलं, तीन नेट, खुर्चीत बसलेली तीन माणसं. फलंदाजांचं काम आधी व्हायचं. स्पिनरांना बोलावेपर्यंत दुपार कलून जायची आणि चेंडूची शिवण दिसेनाशी व्हायची. एका वर्षी मी डबा घेऊन गेले होते, तेव्हा त्याची वेळ आलेली मी पाहिली. पहिले तीन चेंडू त्याने छान उंच दिले. चौथ्याला खुर्चीतले एक गृहस्थ चहावाल्याकडे वळले, पाचव्याला दुसरे घड्याळाकडे. सहावा चेंडू फिरला तो असा फिरला की नेटमधल्या मुलाची बॅट आणि पाय यांमधून जाऊन यष्टीवर आपटला. ते पाहणारी मी, नेटमधला तो मुलगा आणि दादा. घरी येताना त्याने डबा उघडला नाही. तो गावगन्ना निवड समित्यांना कधी शिव्या देत नसे, अजूनही देत नाही. त्याच्या पिढीच्या मुलांसमोर अमोल मुझुमदार होता ना. 1988 ला सचिन-कांबळीची 664 धावांची भागी चालू असताना पॅड बांधून पुढच्या नंबरावर बसून राहिलेला, रणजी पदार्पणात 260 करणारा, प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा काढूनही भारताची टोपी न मिळालेला. गेल्या नोव्हेंबरात, 2025 ला, महिला संघाने नवी मुंबईत विश्वचषक जिंकला तेव्हा प्रशिक्षक म्हणून तो मैदानात उभा होता. दादाने रात्री मला फोन केला आणि बराच वेळ त्याला नीट बोलता येत नव्हतं.

इथे आता डोळ्यांची जागा आकडे घेत आहेत, आणि त्याबद्दल मला एका बाजूने आनंदच आहे. चेंडू मिनिटाला किती वेळा फिरतो, बॅटवरून किती वेगाने सुटतो, हे यंत्र सांगतं. यंत्राला मुलाचा रंग दिसत नाही, बापाचा हुद्दा कळत नाही, गाव लांब पडतं म्हणून कंटाळा येत नाही. माइक ट्राउट, आजच्या काळातला एक थोर खेळाडू, न्यूजर्सीतल्या मिलव्हिलचा. तिथे वसंतातही थंडी, पाऊस, सामने कमी, म्हणून त्याच्याकडे पुरेसं बघायलाच बरेच जण गेले नाहीत. एंजल्स क्लबचा स्काउट ग्रेग मोरहार्ट गेला, कारण ट्राउटच्या वडिलांबरोबर तो स्वतः मायनर लीगमध्ये, मेजर लीगच्या खालच्या पायरीवर, खेळला होता आणि त्या घरातल्या ताकदीची त्याला कल्पना होती. 2009 मध्ये ट्राउट 25 वा गेला. अशी जुनी ओळख नसलेल्या मुलाचं काय, याला आकड्यांपाशी काही उत्तर आहे. पण जे मोजलं जातं त्याचीच तालीम होते. शेजारच्या मुलाच्या संघात बाराव्या-तेराव्या वर्षापासून पोरं वेग वाढवण्याच्या शिबिरांना जातात, वजनदार चेंडू भिंतीवर फेकतात, वर्षातून एक महिनाही हात मोकळा ठेवत नाहीत. कोपराच्या शस्त्रक्रियेचा लांब व्रण घेऊन पहिल्या रांगेत बसलेली मुलं मी शाळेच्या कार्यक्रमात पाहिली आहेत. एकाने तर व्रण मला कौतुकाने दाखवला. मी त्याच्या आईकडे पाहिलं. तीही हसत होती, पण तिचा हात नकळत त्याच्या कोपरावर गेला होता.

कुमार रॉकरची गोष्ट इथल्या भारतीय घरांत अजून निघते. आई ललिता भारतीय वंशाची, म्हणून नाव कुमार. 2019 मध्ये व्हँडरबिल्ट विद्यापीठाकडून पहिल्याच वर्षी खेळताना त्याने आमच्या इथल्या ड्यूक विद्यापीठाला एकही हिट दिला नाही, 19 जणांना स्ट्राइकआउट केलं. ड्यूकच्या बाजूने ओरडायला गेलेले लोकसुद्धा शेवटी उभे राहून टाळ्या वाजवत होते. 2021 ला न्यूयॉर्क मेट्सने त्याला दहावा घेतला आणि वैद्यकीय तपासणीनंतर सहीच केली नाही. सगळ्या देशासमोर मुलाच्या हातात काहीतरी गडबड आहे असं जाहीर होऊन बसलं. त्याने खांद्याची शस्त्रक्रिया करून घेतली, एका छोट्या स्वतंत्र लीगमध्ये जाऊन टाकलं, आणि 2022 ला टेक्सासने त्याला थेट तिसरा उचलला. पुढे कोपरही गेलं, तेही शिवून घेतलं, आणि 2024 च्या सप्टेंबरात तो मेजर लीगच्या माउंडवर चढला. त्या मधल्या वर्षात त्याची आई रात्री काय विचार करत असेल, हे मला त्याच्या स्ट्राइकआउटपेक्षा जास्त जाणून घ्यावंसं वाटतं.

ड्राफ्ट आता वीस फेऱ्यांचा आहे. 2019 पर्यंत चाळीस होत्या, त्याआधी त्याहून जास्त. माइक पियाझा 1988 मध्ये 62 व्या फेरीत, 1390 वा गेला होता, तोही ओळखीच्या शब्दाखातर, आणि पुढे हॉल ऑफ फेममध्ये पोहोचला. तशी फेरीच आता नाही. मायनर लीगचे संलग्न संघही 2021 पासून 120 वर आणले, अनेक क्लबांनी स्काउटही कमी केले. जुलैतल्या त्या दिवसांत सहाशेच्या आसपास नावं पुकारली जातात. हिशेबाने बघितलं तर बरोबरच आहे, शेवटच्या फेऱ्यांतून फारसं कुणी वर येत नव्हतं. पण जेकब डीग्रॉम फ्लोरिडातल्या स्टेटसन कॉलेजात शॉर्टस्टॉप होता. ज्या ख्रिस सेलला बघायला तेव्हा स्काउट जायचे, त्याच्या चेंडूवर या मुलाने कॉलेजातला आपला एकुलता एक होमरन मारला. शेवटच्या वर्षी तो माउंडवर चेंडू टाकायला लागला तेव्हा कुणीतरी तिथे बसून होतं. नवव्या फेरीत घेतला गेला, आणि सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार दोनदा मिळवून गेला. कुणीतरी बसून असणं ही माझ्या मते या कामातली पहिली अट आहे. तिच्यावर खर्च होतो म्हणून ती आधी कापली जाते, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

शेजारचा मुलगा पुढच्या वर्षी दोन वर्षांच्या कॉलेजात खेळणार आहे. त्याचा चेंडू वेगवान नाही. हात खूप खालून येतो, चेंडू शेवटच्या क्षणी बुडतो आणि बॅटर जमिनीवर मारत राहतात. त्या संध्याकाळी त्याने दोन इनिंगमध्ये एकही धाव दिली नाही. कुठे लिहिलं गेलं नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

दादा आता ठाण्यात मुलांना शिकवतो आणि चौदा वर्षांखालच्या निवडीला बसतो. त्या सामन्यानंतरच्या रविवारी फोनवर मी त्याला सगळं सांगितलं. त्याने माझी बाजू घेतली नाही. म्हणाला, "अगं, पंधरा जागा आणि दोनशे पोरं. पाच वाजले की उजेड जातो. कुणाला तरी नीट न बघताच घरी पाठवावं लागतं. मी दर वर्षी पाठवतो. त्यांच्या आया मला रस्त्यात भेटतात." मी विचारलं, मग काय करतोस? "स्पिनर सकाळी बोलावतो," तो म्हणाला. "सगळ्यात आधी. एवढंच माझ्या हातात होतं, ते मी बदलून घेतलं. त्यासाठी दोन वर्षं भांडलो." मग मी त्याला अरांगोबद्दल सांगितलं. तो ऐकत राहिला, मधे एकदाच विचारलं की त्या माणसाला घरी मुलंबाळं होती का. ते मला सांगता आलं नाही. फोन ठेवताना म्हणाला, त्याचं नाव लिहून पाठव, इंग्रजी स्पेलिंगसकट. मला वाटलं वर्गातल्या मुलांना सांगायला हवं असेल. "नाही गं, पोरांना कशाला?" दादा म्हणाला. "पुढच्या महिन्यात समितीची बैठक आहे, तिथे वाचून दाखवायचंय."